घराजवळचा गुलमोहर, सप्तपर्णी आणि कोनोकार्पस: काय तोडायचं, काय ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडे दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, घराला बारा वर्षं झाली. गेटजवळ गुलमोहर, बेडरूमच्या खिडकीला लागून सप्तपर्णी आणि मागच्या भिंतीलगत नर्सरीवाल्याने ‘दोन वर्षांत हिरवी भिंत होईल’ म्हणून दिलेली कोनोकार्पसची रांग. आता कंपाउंडच्या भिंतीला तडा गेलाय, गडरचं (सांडपाण्याच्या लाइनचं) चेंबर पावसाळ्यात तुंबतं, दिवाळीच्या सुमारास वहिनींना रात्री खोकल्याची उबळ येते, आणि मे महिन्यातल्या वादळात गुलमोहराची फांदी शेजाऱ्यांच्या गाडीपासून हातभर अंतरावर पडली. तिन्ही तोडून मोकळं व्हावं का, महापालिकेची परवानगी लागते का, आणि त्या जागी काय लावावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. कोनोकार्पस काढा, त्यात दुमत नाही. गुलमोहर तोडण्याआधी तपासून घ्या, बहुधा नीट छाटणीवर भागेल. सप्तपर्णीला एक हंगाम द्या. आणि भिंतीचा तडा व चेंबर या दोन तक्रारी झाडांच्या नावावर लिहिण्याआधी माती आणि पाइप बघा. नागपुरात बागकामाचा व्यवसाय करताना मला सगळ्यात जास्त वेळा हेच सांगावं लागतं. झाडाची जात क्वचितच वाईट असते. भिंतीपासूनचं अंतर चुकलेलं असतं, आणि आपली काळी माती ती चूक दुप्पट करून दाखवते.

मातीपासूनच सुरुवात करू. तुमच्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम असणार. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन बघा, पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या दिसतील. जुलैत त्याच जागी पाय घोट्यापर्यंत रुततो. घराचे कॉलम मिस्त्रीने मुरुमापर्यंत नेलेले असतात, त्यामुळे घराला सहसा काही होत नाही. कंपाउंडची भिंत मात्र पैसे वाचवायला दीड-दोन फुटांच्या पायावर, म्हणजे थेट काळ्या मातीत उभी असते. ती दरवर्षी मातीबरोबर वर-खाली होते. झाड जवळपास नसलं तरी होते. झाड असलं की एवढंच वाढतं की उन्हाळ्यात ते भिंतीच्या एका बाजूचं पाणी ओढून घेतं, ती बाजू जास्त वाळते, जास्त खचते, आणि भिंत तिरपी तडकते.

हे ओळखायला इंजिनियर लागत नाही. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंदीची पट्टी आडवी लावा आणि पेन्सिलीने तारीख लिहा. अशा दोन पट्ट्या, एक वर आणि एक खाली. पट्टी एप्रिल-मेमध्ये तुटली आणि ऑगस्टपर्यंत तडा पुन्हा मिटला, तर तो मातीचा खेळ आहे. तडा बाराही महिने एकाच दिशेने रुंदावत राहिला तर पाया बसतोय, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. आणि भिंत झाडाच्या खोडासमोरच बाहेर पोट काढून फुगली असेल, तडा उभा असेल, तर तिथे खोड किंवा जाड मूळ खरोखर ढकलतंय. तुमच्या फोटोत तडा तिरपा आहे, वरच्या बाजूला रुंद आहे आणि कोपऱ्याकडे जातोय. मला तो मातीचा वाटतो. कोनोकार्पसने त्याला हातभार लावला असेल, पण भिंत काही त्याने एकट्याने फोडलेली नाही.

याची दुसरी बाजू झाड तोडणारा ठेकेदार कधीच सांगत नाही. काळ्या मातीतलं मोठं झाड एकाएकी तोडलं तर ते जे पाणी ओढत होतं ते आता मातीतच राहतं. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत फुगत जाते, आणि तेव्हा फरशी वर येते, पोर्चचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) उचलले जातात, पूर्वी नव्हते तिथे तडे पडतात. घराच्या आधीपासून उभ्या असलेल्या जुन्या झाडाच्या बाबतीत हा धोका जास्त. म्हणून धरमपेठ, रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांच्या आवारातली मोठी झाडं काढायचीच असतील तर दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पसारा कमी करत काढावीत असं मी सांगतो. तुमची झाडं घराबरोबरच वाढली आहेत, तेव्हा तुम्हाला एवढी भीती नाही.

आता गडर. मुळं अखंड पाइप फोडून आत शिरतात हा समज लोकांच्या डोक्यातून जात नाही. जिथे आधीच पाझर असतो तिथेच ती जातात. मागच्या आवारातली लाइन सिमेंटच्या किंवा चिनीमातीच्या पाइपची असेल तर जोड सिमेंटने भरलेले असतात. माती वर-खाली झाली की ते जोड चिरतात, सांडपाणी झिरपतं, उन्हाळ्यात आजूबाजूची सगळी जमीन वाळलेली असताना ओलावा तेवढ्याच जागी राहतो. केसासारखं बारीक मूळ त्या फटीतून आत जातं आणि आत खत-पाणी दोन्ही मिळाल्यावर वेणीसारखं जाड होतं. पावसाळ्यात पाण्याचा लोंढा आला की ती वेणी सगळा कचरा अडवते आणि चेंबर तुंबतं.

चेंबर उघडा आणि मूळ कुठल्या बाजूने येतंय ते बघा. पाइपातून येतंय की चेंबरच्या विटांच्या सांध्यातून? ताजं, जिवंत मूळ तोडून बघा. पांढरा चीक निघाला तर ते सप्तपर्णीचं किंवा वड-पिंपळाच्या कुळातल्या एखाद्याचं. चीक नसेल तर कोनोकार्पस किंवा गुलमोहर, आणि तुमच्या घराचा नकाशा पाहता कोनोकार्पसच. सफाईवाला कमच्या (बांबूच्या लांब पट्ट्या) घालून मुळं ओढून काढेल, पण तो इलाज एका हंगामापुरता. तेवढा तुकडा बदलून पीव्हीसीचा पाइप घाला, जोड सॉल्व्हंट सिमेंटचे करा आणि चेंबरला आतून नीट प्लास्टर करून घ्या. पाझर थांबला की मुळांना तिकडे जायचं कारणच उरत नाही.

कोनोकार्पसबद्दल मात्र मी झाडाची बाजू घेणार नाही. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत जो मिळतो तो मूळचा सोमालिया-येमेनच्या बाजूचा, कोरड्या नदीपात्रांत वाढणारा. म्हणजे दूरवर मुळं पाठवून पाणी शोधणं हाच त्याचा धर्म. नागपूरच्या उन्हाळ्यात बाकी सगळं करपत असताना तो हिरवागार राहतो, रोप स्वस्त मिळतं, म्हणून लेआउटवाल्यांनी आणि फार्महाउसवाल्यांनी तो सर्रास लावला. पाच फुटांवर छाटून ठेवला तर कुंपण छान दिसतं हे खरं. पण एक वर्ष छाटणी राहिली की तो डोक्यावरून जातो, आणि वरचं कितीही छाटलं तरी खाली मुळं आपलं काम करतच राहतात. पाण्याच्या टाकीपासून, बोअरपासून, गडरपासून तो जवळ असता कामा नये, आणि दीड हजार फुटांच्या प्लॉटवर या तिन्हींपासून लांब अशी जागाच नसते.

काढताना जेसीबी बोलावू नका. भिंतीचा पाया उथळ आहे, बुंधा उपटताना भिंतच खाली येईल. फावडं-कुदळीने खोडाभोवती दीड फूट खणा, मुळं तिथेच करवतीने कापा, बुंधा बाहेर काढा आणि भिंतीखाली गेलेली मुळं तशीच कुजू द्या. नुसतं वरून तोडलं तर पावसाळ्यात बुंध्यातून दहा-दहा फुटवे येतील. ते बोटभर असतानाच हाताने मोडत राहायचं, दर पंधरा दिवसांनी. वर्षभरात झाड थकतं. बुंध्याला भोक पाडून हिंग भरा असं कोणीतरी सांगेलच. त्यात हिंग वाया जातो. रॉकेल, ॲसिड तर अजिबात नको, त्या जागेत पुढे तुम्हालाच काहीतरी लावायचं आहे.

आता गुलमोहर. मादागास्करचा हा पाहुणा आपल्या शहरात इतका रुळला आहे की मे महिन्यातलं नागपूर त्याच्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. तुम्ही गेटजवळ तो का लावला हे मला विचारायची गरज नाही. पण त्याचे तीन अवगुण माहीत असावेत. लाकूड ठिसूळ. मुळं उथळ आणि पसरट, म्हणून गट्टू उचलले जातात. आणि पसारा छत्रीसारखा तीस-चाळीस फुटांचा, म्हणजे तुमच्या सगळ्या प्लॉटच्या रुंदीएवढा. त्यात वेळही वाईट. पावसाळ्याआधीचं वावधन, म्हणजे वादळ, येतं ते मे-जूनमध्ये, नेमका तेव्हाच तो पानाफुलांनी जड झालेला असतो. आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, तो बहुतेक उघडाबोडका असतो. सावलीसाठी लावला असेल तर ऐन गरजेच्या दोन महिन्यांत तो कामाला येत नाही. त्याच दिवसांत कडुनिंबाला कोवळी पालवी फुटून सावली धरलेली असते.

तपासणी अशी करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळाली की सांगाडा दिसतो, तेव्हा सकाळच्या तिरप्या उजेडात झाडाखाली उभं राहून वर बघा. दोन जाड फांद्या जिथे फुटतात तिथला कोन इंग्रजी ‘व्ही’सारखा अरुंद असेल आणि मध्ये साल आत दबलेली दिसत असेल, तर तो जोड वादळात फाटणारच. तो ‘यू’सारखा रुंद असेल तर काळजी नाही. मग खाली या. बुंध्याशी, जमिनीला लागून, लाखेसारखी चमकणारी तपकिरी कडक भूछत्रं उगवली आहेत का? असतील तर आतलं लाकूड आणि मुळं कुजत आहेत, झाड वरून कितीही हिरवं दिसलं तरी. लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकत फिरा, ठणठणीत आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळी सापडली तर लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून बघा किती जातो. शेवटी जमीन. वादळानंतर बुंध्याच्या एका बाजूला मातीला अर्धगोल भेग पडलेली असेल तर झाड मुळासकट हललेलं आहे, तिथे वाट बघायची नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, तो मीच विचारतो. तुमच्या समोरचा रस्ता सिमेंटचा झालाय का? शहरभर सिमेंट रस्ते करताना कडेने नाली आणि केबलसाठी चर खणले गेले, आणि गेटजवळच्या झाडांची रस्त्याकडची मुळं त्यात सरळ कापली गेली. असं झाड पुढे दोन-तीन वर्षं ठीक दिसतं. मग एका संध्याकाळी वारा सुटतो आणि ते कापलेल्या मुळांच्या उलट बाजूला, म्हणजे घराकडे, आडवं होतं. रस्त्याचं काम झालं तेव्हा चर बुंध्यापासून किती फुटांवर होता ते आठवून बघा. चार-पाच फुटांच्या आत असेल तर माझं ‘छाटणीवर भागेल’ हे मत मी बदलतो, तिथे काढण्याचाच अर्ज करा.

सगळं ठीक निघालं तर छाटणी करा, मुंडण नको. शेंडा सपाट उडवून टाकलेल्या गुलमोहराला पुढच्या पावसाळ्यात खूप फुटवे येतात. ते नुसते सालीत रुतलेले असतात, दोन वर्षांत जाड होतात आणि सगळ्यात आधी तेच तुटतात. छाटायचं ते आतल्या, एकमेकांवर घासणाऱ्या, वाळलेल्या फांद्या आणि रस्त्याकडे व शेजाऱ्यांकडे लांबलेल्या टोकांचं वजन. एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त पसारा काढू नये. जाड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खोडापासून हातभर दूर, खालून, एक तृतीयांश जाडीचा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तिथे तुटून पडली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढायचा. खालचा काप न देता थेट वरून कापलं तर पडताना फांदी खोडाची साल पार जमिनीपर्यंत सोलत नेते. जखमेवर ऑइल पेंट फासू नका. संत्र्याच्या बागेत वापरतात ती मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावलीत तर हरकत नाही, नाही लावली तरी झाड स्वतः जखम मिटवतं. आणि बुंध्याला चिकटून घातलेले गट्टू काढून निदान मीटरभर माती मोकळी ठेवा.

सप्तपर्णीची गोष्ट वेगळी. हे आपलंच झाड. सदाहरित, जनावरं खात नाहीत, फारशी निगा लागत नाही, म्हणून ते दुभाजकांपासून बागांपर्यंत सगळीकडे लागलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात आणि संध्याकाळनंतर वास असा दाटतो की एखाद्याला तो मोहक वाटतो आणि एखाद्याचं डोकं दुखतं. खिडकीपासून तीन-चार फुटांवर तो कोणालाच सहन होणार नाही. पण वहिनींच्या खोकल्याचं सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. तेच दिवस दिवाळीच्या साफसफाईतल्या धुळीचे, फटाक्यांच्या धुराचे आणि अचानक थंड होणाऱ्या रात्रींचे. फुलं ऐन भरात असताना वहिनींना आठवडाभर घराच्या दुसऱ्या बाजूच्या खोलीत, खिडकी बंद ठेवून झोपू द्या. फरक पडला तर संशयाला आधार मिळेल. औषधोपचार मात्र डॉक्टरांकडेच.

फुलं फांद्यांच्या टोकांना येतात. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टोकं हलकी छाटली तर त्या वर्षीचा बहर बराच कमी होतो. यंदा एवढंच करा आणि बघा. पण मनाची तयारी ठेवा. हे झाड पन्नास फुटांच्या पुढे जाऊ शकतं आणि त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने चहूकडे पसरतात. भिंतीला लागून असलेल्या सप्तपर्णीला त्या जागी वाढायला वावच नाही. आज ना उद्या ते काढावं लागेल, आणि बुंधा अजून मांडीएवढाच असताना काढणं स्वस्त पडतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की आणखी कोणती झाडं टाळायची. नीलगिरी आणि सुबाभूळ घराजवळ नकोतच, त्यावर वेळ घालवत नाही. पीतमोहराचं दुखणं गुलमोहरासारखंच. देशी बदामाची पानं तळहातापेक्षा मोठी आणि वर्षात दोनदा गळतात, ती गच्चीच्या पन्हाळीत बसतात, आणि जुलैत स्लॅब गळायला लागला की लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. फळांवर रात्री वटवाघळं येतात, सकाळी गाडीवर चोथा. रॉयल पामची झावळी चांगली वजनदार असते आणि वारा नसतानाही पडते, खाली पार्किंग नको. कोकणातून हौसेने आणलेला नारळ इथे जगतो, पण आपल्या मे महिन्यात फळाचा भरवसा नाही. मुनगा (शेवगा) ठिसूळ असतो आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, अंगाला लागल्या तर आग होते. पण दरवर्षी शेंगा संपल्या की छातीइतका छाटून ठेवला तर मुनग्यासारखं उपयोगी झाड नाही, परसात जरूर लावा. उंच वाढणाऱ्या अशोकाला लोक उगाच घाबरतात, त्याची मुळं फारसा त्रास देत नाहीत. कडुनिंब तर हवाच, फक्त भिंतीपासून पंधरा-वीस फूट. तेवढी जागा तुमच्याकडे नाही, तेव्हा गल्लीतल्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून लावा.

पॅरापेटमधून उगवलेला पिंपळ किंवा उंबर हा वेगळा विषय. पाखरांच्या विष्ठेतून बी येतं आणि गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोने ते पोसलं जातं. देवाचं झाड म्हणून हात लावायला घरातले धजत नाहीत, आणि दोन वर्षांत मुळं विटांच्या आत पोचतात. वीतभर असतानाच, पावसाळ्यात भिंत ओली असताना, मुळासकट अलगद काढा, कुंडीत लावा आणि देवळाच्या मोकळ्या आवारात नेऊन द्या. आजीचंही समाधान होतं. मग टाकीचा ओव्हरफ्लो दुरुस्त करा, नाहीतर तिथेच दुसरा उगवेल.

परवानगी लागते, स्वतःच्या आवारातल्या झाडालाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. त्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि झाडाला इजा होईल असं काहीही करणं ‘तोडण्यात’च धरलं जातं. म्हणून मोठ्या छाटणीचाही अर्ज द्यावा. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे. झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात, पाहणी होते. झाड मेलेलं, रोगट, किंवा जीविताला-मालमत्तेला धोकादायक असेल तर परवानगी नाकारू नये असं कायद्यातच आहे. त्यामुळे अर्जात नुसतं ‘त्रास होतो’ लिहू नका. बुंध्यावरच्या भूछत्राचा, फाटलेल्या जोडाचा, चेंबरमधल्या मुळांचा फोटो जोडा, अंतर फुटांत लिहा. २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूद आली आहे, आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना वेगळं संरक्षण आहे. शेजाऱ्याच्या बाजूला गेलेली फांदी त्याने परस्पर तोडली तरी प्रश्न तोच येतो, तेव्हा अर्ज दोघांनी मिळून दिला तर भांडणही मिटतं.

‘फुकट तोडून देतो, लाकूड आमचं’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गुलमोहराच्या लाकडाला भाव नाही, म्हणजे तो खर्च भरून काढायला सांगितल्यापेक्षा जास्त तोडणार किंवा फांद्या तुमच्याच आवारात टाकून जाणार. दोर बांधून फांदी सोडणारा माणूस घ्या, पैसे जास्त गेले तरी चालतील. वरून महावितरणची तार जात असेल तर त्यांना कळवून वीज बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका.

आता मोकळ्या झालेल्या जागेत काय लावायचं? मागच्या भिंतीलगत हिरवी भिंतच हवी असेल तर मेंदी किंवा अडुळसा लावा. दोन्ही नागपूरचा उन्हाळा सोसतात, कात्रीला दाद देतात आणि मुळं आवाक्यात राहतात. किंवा भिंतीवर जाळी ठोकून मधुमालती चढवा, तिला वर्षातून एकदा छाटावं लागतं एवढंच. गुलमोहर कधी काढायची वेळ आलीच तर गेटजवळ पारिजातक, खाली सकाळी सडा पडेल आणि उंची माणसाच्या दुप्पट-तिप्पट. गोडनिंब (कढीपत्ता), सीताफळ, डाळिंब, कामिनी, तगर यांना भिंतीपासून सहा-आठ फूट पुरतात. आंबा हवाच असेल तर आम्रपालीचं कलम घ्या. दशहरी आणि नीलमच्या संकरातली ही जात आटोपशीर राहते. बहाव्याचा मोह मलाही होतो, पण त्याला बारा-पंधरा फूट मोकळे लागतात.

संत्र्याचं झाड प्रत्येक नागपूरकराला आवारात हवं असतं. त्याचा त्रास घराला होत नाही, घराच्या मातीचा त्रास त्याला होतो. भारी काळ्या मातीत खड्डा खणून लावलं की पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचतं, बुंध्यातून डिंक गळायला लागतो आणि तीन-चार वर्षांत झाड जातं. संत्रा आणि लिंबू दोन्ही फूटभर उंच गादीवर लावा, माती निम्मी पोयट्याची, आणि आळं असं करा की पाणी बुंध्याला टेकणार नाही.

खड्डे मे महिन्यात खणून तापू द्या, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे. लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर. सावली मुख्यतः पश्चिमेच्या भिंतीवर पडेल अशी जागा निवडा, दुपारनंतरचं ऊन तिथूनच घर तापवतं आणि कुलर थकतो तोही त्याच बाजूचा. आणि क्रम चुकवू नका. आधी कोनोकार्पस काढा, मग गडरचा पाइप बदला, चेंबरला एक पावसाळा तपासा, आणि त्यानंतरच त्या बाजूला रोपं लावा. पाझर तसाच ठेवून लावलीत तर मेंदीची मुळंही त्याच चेंबरात सापडतील.